स्मारकाशेजारचा अर्धा स्लॅब

स्लॅब टाकण्याचा दिवस हा घरमालकाच्या आयुष्यात लग्नानंतरचा सगळ्यात गोंधळाचा दिवस असतो. पाहुणे येतात, शेजारी खुर्च्या टाकून बसतात, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नाही, आणि ज्यानं जन्मात थापी हातात धरली नाही असा एखादा मेहुणा मला बाजूला घेऊन सांगतो, मिस्त्री, माल जरा पातळ वाटतोय. मी मान डोलावतो. मान डोलावणं हाही आमच्या धंद्याचा भाग आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी उभी हयात स्लॅब टाकण्यात घालवली. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून बसून लिहितो आहे. आमची मंडळी म्हणतात की एसटीतून जाताना मी गावं बघत नाही, छतं बघतो. खोटं नाही. कुठल्या छताखाली कोण राहतं ते मी विसरतो, पण कुठलं गळलं ते विसरत नाही.

ज्यांचा या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी खालून टेकू उभे करून त्यांच्यावर लोखंडी प्लेटा अंथरायच्या, त्याला सेंटरिंग म्हणतात. त्यावर सळया बांधायच्या. मग सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिक्सरमध्ये कालवून तो माल वर चढवायचा आणि पसरायचा. एवढं सगळ्यांना दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे एकदा सुरू केलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही. माल घट्ट व्हायला लागतो, आणि सकाळचा घट्ट झालेला माल दुसऱ्या दिवशीच्या ओल्या मालाशी एकजीव होत नाही. तिथून पुढं जन्मभराची गळती. थांबायचंच झालं तर दोन बीमच्या मधल्या ठरावीक जागी फळी उभी लावून, कड सरळ राखून थांबावं लागतं. दुसरी गोष्ट पाणी. स्लॅब वाळला म्हणजे पक्का झाला असं लोकांना वाटतं. उलटं आहे. तो जितका ओला राहील तितका कठीण होतो. म्हणून वर मालाची छोटी छोटी आळी करून त्यांत पाणी साठवायचं आणि ते रोज भरत राहायचं. मालक लोक स्लॅबच्या दिवशी मटणाचं जेवण घालतात आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायला विसरतात. या एका गोष्टीवरून मी जितक्यांशी भांडलो तितका भावकीतही भांडलो नसेन.

गिऱ्हाइकं एकेक नमुना भेटली. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक ऊसबागायतदार मुहूर्ताचे कट्टर. मुहूर्त निघाला दिवस उगवतानाचा, आणि मिक्सर यायला अवकाश होता. त्यांनी स्वतः घमेलंभर माल हातानं कालवला, नारळ फोडून तो एका कोपऱ्यात ओतला आणि पहाऱ्याला बसले, कारण मुहूर्ताचा माल हलवायचा नाही. मिक्सर आला तोवर त्याचं ढेकूळ झालं होतं. ते न्याहारीला खाली उतरले तेवढ्यात आम्ही ते खरवडून टाकलं आणि ताजा माल ओतला. पाहुणे आले की ते अजून तो कोपरा कौतुकानं दाखवतात. भिगवणला मासळीच्या एका खानावळवाल्यानं वर स्लॅब चालू असताना खाली गिऱ्हाईक बंद करायला साफ नकार दिला. प्लेटांच्या फटीतून सिमेंटचं पाणी एकाच्या रश्श्यात ठिबकलं. त्या गृहस्थानं चव घेतली आणि आज रस्सा आळणी झालाय एवढीच तक्रार केली. दोष त्या दिवशी माझ्या प्लेटांचा होता, बोलणी आचाऱ्यानं खाल्ली.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आठवला तो अर्ध्यावर राहिलेला स्लॅब.

गावाचं नाव लिहीत नाही. इंदापूर तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याकडेचं गाव आहे. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं आणि वरच्या माळावर नवं वसलं, तेव्हाच तिथल्या थोड्या मुसलमान घरांना रस्त्याकडेला मशिदीसाठी जागा मिळाली. त्यांनी तिथं पत्र्याचं शेड उभं केलं. पुढं बऱ्याच वर्षांनी गावचा एक जवान, महेश त्याचं नाव, सीमेवर शहीद झाला. त्याचं स्मारक करायचं गावानं ठरवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून शेडच्या शेजारची मोकळी जागा निवडली. चौथरा, अर्धपुतळा आणि वर छत्री. ते काम मीच केलं. तेव्हा कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बांधकामाला पाणी मशिदीच्या बोअरचं घेतलं, आणि नळाची ती जोडणी नंतर स्मारकाच्या फुलझाडांना कायमचीच राहिली.

महेशचे वडील सोपानतात्या. कांदा आणि डाळिंब करणारे, बोलायला अगदी कमी. रोज सकाळी स्मारकावर यायचे, झाडून काढायचे, पुतळा पुसायचे, दिवा लावायचे आणि रानात जायचे. मशिदीचं सगळं बघायचे हुसेनभाई मुलाणी. जत्रेत बकऱ्यावर सुरी फिरवण्याचा मान त्यांच्या घराकडं. तात्या आणि ते जुन्या गावातल्या शाळेत एका बाकावर होते. महेश गेला तेव्हा हुसेनभाईंनी तात्यांच्या घरी चूल पेटू दिली नव्हती, सुतकाचे सगळे दिवस भाकऱ्या मुलाण्यांच्या आणि शेजारच्या घरांतून येत होत्या. हे मला गावातल्याच लोकांनी सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत पुढं विरोधाला उभे राहिलेलेही होते.

शेडचा पत्रा गंजून चाळणी झाला, तेव्हा मशिदीच्या लोकांनी पक्कं बांधायचं ठरवलं. ग्रामपंचायतीची परवानगी होती. ती पुरेशी होती की वरूनही लागत होती, यावर नंतर बरेच वाद झाले, त्यात मला पडायचं नाही. कॉलम जोत्याच्या वर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. कॉलम पुरुषभर उंच झाले आणि कुजबूज सुरू झाली. स्मारक बारकं दिसणार. झेंडावंदनाच्या वेळेला भोंगा वाजणार. शेड होतं ते ठीक होतं, पण शहिदाच्या अंगावर एवढी इमारत कशाला? मग कुणीतरी मोबाईलवर फोटो टाकला. तो असा काढला होता की कॉलम थेट पुतळ्याच्या डोक्यातून निघाल्यासारखे दिसावेत. तो फोटो बारामतीपर्यंत फिरला. ज्यांनी ते गाव कधी पाहिलं नव्हतं त्यांचीही मतं पक्की झाली. एकानं मला फोन करून तुम्ही हे काम घेतलंच कसं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मोजमाप घेऊन. त्यानं फोन ठेवला.

हुसेनभाईंना घाई होती. पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, कारण शेड उतरवून झालं होतं आणि माणसं उघड्या जोत्यावर उन्हात नमाज पढत होती. मी म्हणालो, सेंटरिंग तयार आहे, परवा टाकून घेऊ. त्या सकाळी माझी माणसं जमली. सोलापूरकडची सगळी, नारळ फुटल्याशिवाय मिक्सरला हात लावत नाहीत. हे हुसेनभाईंना कसं सांगावं या विचारात मी होतो, तर ते स्वतःच पिशवीतून नारळ आणि उदबत्त्या घेऊन आले. फातिहा झाला, नारळ फुटला आणि काम सुरू झालं.

स्लॅब निम्म्याला आला असेल. स्मारकाच्या पायऱ्यांवर पोरं जमायला लागली. घोषणा सुरू झाल्या. थोड्या वेळात पोलिसांची गाडी आली आणि फौजदारसाहेब खालून ओरडले की काम ताबडतोब बंद करा, वरून आदेश आहे. मी शिडीवरून खाली आलो. साहेब तरुण होते, घामाघूम झाले होते आणि मनातून त्यांनाही हे नको होतं असं दिसत होतं. मी त्यांना म्हणालो, बंद करतो, पण इथं बंद करता येत नाही. बीमच्या पलीकडं एवढं अंतर जाऊ द्या, मग फळी लावून थांबतो. ते म्हणाले, आदेश म्हणजे आदेश. मी पण तापट माणूस आहे. मी म्हणालो, साहेब, आदेश काढणाऱ्याला वर येऊन ओल्या मालाला सांगू द्या.

विरोध करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष विकास गर्दीच्या पुढं उभा होता. त्याच्या घराचा स्लॅब दोन वर्षांपूर्वी मीच टाकला होता. तो आमचं बोलणं ऐकत होता. तो पुढं आला आणि साहेबांना म्हणाला, "सायेब, मिस्त्री म्हणत्यात तितपर्यंत येऊ द्या. न्हायतर जन्मभर गळतंय बगा."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. बंद पाडायला तूच आलास ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं. विकासला पण ते कळलं, तो जरा ओशाळला. पण ज्यानं नवं घर बांधलंय त्याला गळतीचा विचार डोक्यातून काढता येत नाही, मग छत कुणाचंही असो. शेवटी तेवढी मुभा मिळाली. घोषणा थांबल्या, गर्दी बघत उभी राहिली, आणि आम्ही पोलिसांच्या आणि विरोधकांच्या देखरेखीखाली कड सरळ राखून स्लॅब थांबवला. इतक्या शिस्तीनं बंद पडलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही.

संध्याकाळी जागेला दोऱ्या बांधल्या गेल्या. मशिदीच्या लोकांना आणि मला आत जायला मनाई झाली. बंदोबस्ताला दोन शिपाई बसवले. बाकी सगळं सोडा, माझ्या डोक्यात एकच होतं, पाणी. चैत्रातलं ऊन. त्या उन्हात ताजा स्लॅब तीन दिवस कोरडा राहिला तर त्याला केसासारख्या चिरा पडतात, आणि मग तो नुसता धूळ धरून बसतो. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मिस्त्री, तिथं माणूस चढला तर काम चालू आहे असा बोभाटा होईल, मी काही करू शकत नाही. त्यांचंही बरोबर होतं. मी रात्री जेवलो नाही. आमच्या मंडळींनी विचारलं की मशीद तुमची आहे का? मी म्हणालो, स्लॅब माझा आहे.

चारेक दिवसांनी दुसरीकडच्या कामाला जाताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. चिरा बघायच्या होत्या. खालून बघतो तर प्लेटांच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. शिपायाला विचारलं, तो दुसरीकडं बघत म्हणाला, मला काही माहीत नाही. तेवढ्यात स्लॅबवरून सोपानतात्या शिडी उतरताना दिसले. धोतराचा काचा मारलेला, हातात स्मारकाच्या फुलझाडांची नळी.

शहिदाच्या बापाला कोण अडवणार? ते रोज सकाळी स्मारकाचं उरकून नळी दोरीखालून ओढून घेत होते, वर चढत होते आणि स्लॅब भरत होते. मी वर जाऊन बघितलं, शिपायानं तेवढं जाऊ दिलं. तात्यांनी चिखलमातीचे बांध घालून कांद्याचे घालतात तसे वाफे घातले होते. आमच्या आळ्यांपेक्षा नीट. प्रत्येक वाफा काठोकाठ भरलेला. मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हणालो, तात्या, हे काय?

तात्या म्हणाले, "काय न्हाय. जाता-येता दिसतंय. उन्हात वाळत पडल्यालं बगवत न्हाय. कुणाला सांगू नगा, मिस्त्री."

मी सांगितलं नाही. स्लॅबला पाणी मिळत गेलं आणि माझी काळजी मिटली. उलट मला आशा वाटायला लागली. ज्याच्या नावानं सगळा वाद चाललाय त्याचा बापच पाणी घालतोय, मग वाद कसला? एक शब्द त्यांनी चार माणसांत बोलायचा अवकाश, असं माझं गणित होतं.

मग तालुक्याला शांतता समितीची बैठक झाली. माझं सेंटरिंगचं सामान त्या स्लॅबखाली अडकलं होतं, ते सोडवायला अर्ज दिलेला, म्हणून मलाही बोलावणं होतं. दोन्हीकडची माणसं होती. मशिदीच्या बाजूनं हुसेनभाई एवढंच म्हणाले की जागा आमची जुनी आहे, भोंगा लावणार नाही, स्मारकाकडची भिंत बुटकी ठेवू. दुसऱ्या बाजूचे बरेच बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात शहिदाच्या वडिलांच्या भावना होत्या. वडील तिथंच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. शेवटी बैठक घेणाऱ्या मोठ्या साहेबांनीच विचारलं, "तात्या, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते सांगा. तुमची हरकत नसेल तर आम्हाला मार्ग काढता येईल."

तात्यांच्या समोरच्या बाकावर विकास आणि त्याच्या मंडळाची पोरं बसली होती. याच पोरांनी महेशला खांदा दिला होता, हीच दरवर्षी त्याची पुण्यतिथी करतात, तात्यांच्या डाळिंबाचा माल गाडीत भरायला हीच येतात. तात्यांनी टोपी सारखी केली. टेबलाकडं बघत म्हणाले, "गाव म्हणंल तसं."

एवढ्यावर सगळं मिटलं. याचा अर्थ हरकत आहे असाच सगळ्यांनी घेतला आणि दुसरा अर्थ निघतही नव्हता. मला तात्यांचा भयंकर राग आला. बाहेर चहाच्या टपरीवर ते समोर आले तरी मी बोललो नाही. कॅनॉलच्या पलीकडं कब्रस्तानाला लागून दुसरी जागा द्यायची आणि इथलं अर्धवट बांधकाम काढून घ्यायचं, असं ठरलं. हुसेनभाईंनी मान्य केलं. त्यांची तरुण पोरं कोर्टात जाऊ म्हणत होती. ते त्यांना म्हणाले की कोर्टात जिंकून बांधलेल्या जागेत रोज बाहेर बघत नमाज पढायची, त्यात माझं मन लागणार नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, मिस्त्री, तुमी वतला, तुमीच उतरवा. जेसीबीवाल्याच्या हातात देऊ नका.

मी आजवर स्लॅब फोडायची कामं घेतली नव्हती. ती वेगळी माणसं करतात, त्यात कसब नाही, नुसता दणका. पण हे काम मी घेतलं. भाड्यानं ब्रेकर आणला, म्हणजे काँक्रीट फोडायचं विजेचं यंत्र, आणि दोन माणसं वर चढवली. मला वाटलं होतं दुपारपर्यंत निम्मा खाली येईल. दुपार झाली तरी एका कोपऱ्याचे नुसते टवके उडाले होते. ब्रेकर घसरायचा, माणसं शिव्या द्यायची, सळया दिसायला तयार नव्हत्या. मी स्वतः वर गेलो. तुटलेली कड हातानं चाचपून बघितली. पोकळी नाही, चीर नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला जमलेला स्लॅब होता, आणि तो मी फोडत होतो. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर आधी अभिमान वाटला.

सोपानतात्या सकाळपासून स्मारकाच्या पायरीवर बसून होते. रानात गेले नव्हते. दुपार कलल्यावर मी खाली उतरलो तेव्हा ते उठून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मिस्त्री, एवढा का येळ लागतोय?"

माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हणालो, "तात्या, पाणी चांगलं प्यालाय तो."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते बाजूला पडलेल्या तुकड्यांवर बसले. नंतर म्हणाले, "पानी घालाया येत हुतं, घातलं. त्या दिशी त्वांड उघडाया पायजे हुतं, ती न्हाय जमलं."

माझा राग गेला. हुसेनभाई माणसांसाठी चहाची किटली घेऊन आले होते, त्यांनी हे ऐकलं होतं. मी ब्रेकर थांबवायला सांगितला. हुसेनभाईंनी तात्यांच्या हातात कप दिला आणि स्वतः त्यांच्याशेजारी टेकले.

"मला म्हाईत हुतं, तात्या," ते म्हणाले. "त्या बोअरचा स्टार्टर माज्या घरात हाय. रोज सकाळी बटण कोन दाबत हुतं तुला वाटलं?"

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "मंग त्या दिशी मिटिंगीत माज्याकडं एकदा बगायचं तरी."

"बगत हुतो की," हुसेनभाई म्हणाले. "तूच खाली बगत हुतास."

चहा झाला तरी दोघं तिथून उठले नाहीत. दिवस उतरायला लागला होता आणि अजून बराचसा स्लॅब आणि सगळे बीम बाकी होते. मी माणसांना वर चढायला सांगितलं आणि ब्रेकर चालू केला.